सकाळी दातांना काय लावता?

ही केस मी बरेच दिवस डोक्यात घेऊन फिरतेय. लिहायचं लिहायचं म्हणता राहून गेलं, कारण यात कोण दगावलं नाही, पेपरला बातमी आली नाही, एका पोटुशी बाईची आणि तिच्या सासूची साधी गोष्ट आहे आणि त्यात निम्मी चूक आमच्याच लोकांची आहे, माझ्यासकट. मी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात गटप्रवर्तक आहे. म्हणजे आशाताई घरोघर फिरतात आणि त्यांच्यामागं मी फिरते, रजिस्टर तपासायची, मीटिंगा घ्यायच्या, वरून आलेले फॉर्म खाली द्यायचे आणि भरलेले परत वर पोचवायचे. नावं देत नाही, वाडीचंही नाव देत नाही, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात.

वाडी डोंगरावर आहे. लांबून वांकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात आणि एसटी दिवसातनं एकदाच येते, ती पण पावसाळ्यात येईलच असं नाही. घरात सासू, सासरा, एक तेरा वर्षांची नणंद, ही बाई आणि तिची तीन वर्षांची पोरगी. नवरा वाशी मार्केटला माथाडी. आमच्याकडं हे काही विशेष नाही, पाटण-जावळीच्या डोंगरातनं घरटी एकतरी गडी मुंबईला असतोच, आधी गिरण्यांत होते, मग गोदीत आणि मार्केटात. 1969 चा माथाडी कायदा ज्यांच्या चळवळीनं आला ते अण्णासाहेब पाटीलही याच तालुक्यातले. याचा एक परिणाम जनगणनेत सरळ दिसतो. 2011 ला सातारा जिल्ह्यात हजार पुरुषांमागं 988 बाया होत्या आणि अख्ख्या राज्यात 929. कुणी म्हणेल वा, सातारा लई पुढारलेला, पण त्याच जनगणनेत शून्य ते सहा वयाच्या पोरींचा आकडा हजाराला 895 आहे. म्हणजे बाया जास्त नाहीत, गडी बाहेर आहेत. आकडा एकटा बघितला की असा फसवतो, आणि या केसमध्ये पण आम्ही असंच फसलो.

तर बाई चोवीस वर्षांची, दुसरी खेप, पाचवा महिना. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, पोरगी दोन किलो शंभर ग्रॅमची. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ, त्यामुळं यावेळी कार्डावर लाल शाईनं खूण होती. हिमोग्लोबिन 8.2. गरोदरपणात 11 तरी पाहिजे, 7 च्या खाली गेलं की तीव्र, ही मधल्या पट्ट्यात. आशाताईनं लोहाच्या लाल गोळ्या दिलेल्या, कॅल्शियमच्या दिलेल्या, दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीला पण नेलेलं. रजिस्टरला सगळं टापटीप. तंबाखूचं व्यसन आहे का? नाही. दारूचं? नाही. महिन्यानं परत हिमोग्लोबिन केलं तर 8.1. गोळ्या खाऊन उलट कमी.

आमच्या मीटिंगमध्ये अशा वेळी एकच निष्कर्ष निघतो: बाई गोळ्या खात नाही. मग आशाताईला झापायचं, आशाताईनं बाईला झापायचं. मी पण तेच करायला निघाले होते, खरं सांगते.

एसटीच्या टायमामुळं मी आदल्या दिवशी आशाताईकडंच मुक्कामाला राहिले आणि सकाळी सातला आम्ही दोघी त्या घरी गेलो. सोप्याला कोण नव्हतं म्हणून मागं परड्यात गेलो. तर न्हाणीच्या दगडावर सासू-सुना शेजारी शेजारी बसलेल्या, दोघींच्या डाव्या तळहातावर काळी पूड आणि उजवं बोट हिरड्यांवरनं फिरतंय, सावकाश, अगदी ध्यान लावल्यासारखं. सुनेनं आम्हाला बघून तोंड धुवायची घाई केली तर सासू म्हणाली, "आगं असूंदे, बाया-बायाच हायत."

मी आशाताईकडं बघितलं, म्हटलं अगं तू तर व्यसन नाही लिहिलंस. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. ती म्हणाली, "ताई ही मिश्री हाय, तंबाखू कुठं?" आणि मग जरा थांबून, "मी पण लावते की."

मिश्री म्हणजे काय

जे बाहेरचे वाचत असतील त्यांच्यासाठी. कोकण-मुंबईकडं मशेरी म्हणतात, आमच्याकडं मिश्री. खडीसाखरेचा काही संबंध नाही. तंबाखू जुन्या तव्यावर टाकायची, चुलीवर काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका सुटतो, पोरं बाहेर पळतात, मग गार झाली की हातानं चुरायची, चाळायची आणि बामच्या नाहीतर पावडरच्या रिकाम्या डबीत भरायची. सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात होते. मग जेवल्यावर, मग दुपारी, मग झोपताना. दाताला लावून थुंकायची असल्यामुळं बायांच्या हिशेबात ती खाणं नाहीच. लावणं आहे. कुंकू लावतात, तेल लावतात, तशी मिश्री लावतात.

पण हिरडीवर दहा-पंधरा मिनिटं तंबाखू धरली की निकोटीन रक्तात जातंच, गिळलं काय नि थुंकलं काय. त्यानं रक्तवाहिन्या आवळतात, वारेकडं जाणारं रक्त कमी पडतं, बाळाचं पोषण तिथं अडतं. याचा अभ्यास आपल्या मुंबईतलाच आहे, 2004 ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला होता, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं कमी वजनाची निघाली आणि जवळपास सहा दिवस आधी जन्मलेली. 105 ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण दोन किलो सहाशेच्या बाळाला अडीचच्या खाली ओढायला तेवढं पुरतं.

आता व्यसन या शब्दाचं. सासूला मी नंतर विचारलं की मावशी तुम्ही आशाताईला व्यसन नाही असं का सांगितलंत, तर त्या खरोखर चकित झाल्या. "व्यसन? आमी काय गुत्त्यावर जातो व्हय? व्यसन गड्यास्नी असतं. बायास्नी सवय असती." यात त्या खोटं बोलत नव्हत्या हे समजून घ्यायला मला वेळ लागला. आमच्या गावात बाईनं विडी ओढली तर चार पिढ्या बोलणी खातील, आणि तीच बाई दिवसातनं पाच वेळा मिश्री लावते तर कोण मान वळवून बघत नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्राचे आकडे हेच बोलतात, धूम्रपान करणाऱ्या बाया 1.4 टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या 16.6 टक्के. एवढी तफावत शरीरामुळं येत नाही, काय चारचौघांत चालतं आणि काय चालत नाही त्यानं येते.

माझी आई लावायची. लहानपणी तिची डबी आणून द्यायचं काम माझं. हे मी मीटिंगमध्ये कधी बोलले नव्हते.

लाल गोळी आणि काळी पूड

त्या दिवशी मी रजिस्टर मिटलं आणि नुसती बसले. चहा आला. मग बोलता बोलता जे बाहेर आलं ते ऐकून मला माझीच लाज वाटली.

पहिल्या खेपेला बाई दिवसातनं एकदा, फार तर दोनदा मिश्री लावायची. लग्नाआधी नव्हतीच लावत. लग्न करून आली, पहाटे बाया घोळक्यानं परसाकडला जायच्या तेव्हा सासूनं चिमूटभर हातावर दिली, नको कसं म्हणायचं, नवी सून. नंतर घरात संडास झाला, घोळका मोडला, पण मिश्री राहिली, ती परड्यातल्या दगडावर आली. (आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना गाडगेबाबा स्वच्छता अभियान काढलं तेव्हापासून आमच्याकडं संडासांचं वारं सुरू झालं, ते चांगलंच झालं, पण पहाटेच्या त्या घोळक्यात बाया काय काय बोलायच्या ते बोलायची जागा गेली असं जुन्या बाया अजून म्हणतात. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.)

यावेळी मात्र दिवसाला चार-पाच वेळा. का? कारण लाल गोळ्या सुरू झाल्यापासून पोट साफ होईना. लोहाच्या गोळीनं बद्धकोष्ठ होतं, शौच काळं होतं, हे आम्हाला ट्रेनिंगला सांगतात, पण आम्ही गोळी देताना सांगत नाही, सांगितलं तर बाई गोळी खाणार नाही अशी भीती. आणि मिश्रीनं पोट साफ होतं, हा काही नुसता समज नाही, निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते. म्हणजे आम्ही दिलेल्या गोळीचा त्रास ती तंबाखूनं काढत होती. वर चार दिवस पोट गच्च झालं की गोळी बंद, हलकं वाटलं की परत सुरू. आणि जेव्हा खायची तेव्हा लाल गोळी आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही एकदम, सकाळच्या चहासोबत, "म्हंजी इसरत न्हाई." चहानं लोह अंगी लागत नाही, कॅल्शियमनंही लागत नाही, दोन गोळ्यांत दोन तास तरी अंतर पाहिजे. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं, स्ट्रिपा मात्र वेळेवर पोचत होत्या आणि आमचा रिपोर्ट शंभर टक्के होता.

दुसरं कारण दात. उजवीकडची खालची दाढ किडलेली, रात्री ठणका लागला की मिश्री दाबून धरायची, तासभर बधिर. दाताचा डॉक्टर आमच्या आरोग्य केंद्रात नाही, ग्रामीण रुग्णालयात किंवा कराडला जायचं म्हटलं की दिवस मोडतो, सोबत कोणतरी लागतं, आणि मुळात गरोदर बाईचा दात काढायचा नाही असं वाडीत पक्कं ठरलेलं.

तिसरं तिनं सासू आत गेल्यावर हळूच सांगितलं. मिश्री लावली की भूक मरते. भाताची लावणी चालू होती, सकाळी भाकरी खाऊन शेतात गेलं की दुपारी दोनशिवाय घास नाही, आणि पोटुशी बाईनं लई खाल्लं तर पोर मोठं होऊन अडतं असं घरात म्हणतात. मग भूक लागली की डबी.

आता हे सगळं एका फॉर्मच्या "व्यसन आहे का, हो/नाही" या चौकोनात कुठं बसवायचं सांगा.

मी काय केलं आणि ते कसं फसलं

पुढच्या भेटीला मी तोंडाच्या कॅन्सरची चित्रं घेऊन गेले. तेवढंच आमच्याकडं असतं. गाल फाटलेला माणूस, जबडा काढलेला माणूस, सगळी चित्रं गड्यांची. सुनेनं मान खाली घातली, नणंद तोंड दाबून आत पळाली आणि सासू शांतपणे म्हणाली, "माझी सासू मिश्री लावून म्हातारी होऊन गेली, मरताना बत्तीस दात होते तिचं. हे गुटख्यानं होतंय, तरण्या पोरास्नी सांगा." त्यांच्या दृष्टीनं मी भलत्याच आजाराचं चित्र घेऊन आलेले. पुढचे पंधरा दिवस आशाताई गेली की सून शेतात असायची. घरात असली तरी शेतात असायची.

त्या पंधरा दिवसांत मी कायदा काय म्हणतो ते नीट वाचलं, म्हटलं निदान काही आधार मिळतोय का बघू. आणि वाचताना हसू यायला लागलं. 1992 मध्येच केंद्र सरकारनं टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केलीय, कंपन्या कोर्टात गेल्या, 1997 ला सुप्रीम कोर्टानं बंदी कायम ठेवली. म्हणजे तंबाखूचं दंतमंजन या देशात विकता येत नाही. पण घरच्या तव्यावर करता येतं! 2003 च्या तंबाखू कायद्यानं सार्वजनिक जागी धूम्रपान बंद, अठराच्या खालच्या पोराला विक्री बंद, शाळेपासून शंभर यार्डांत विक्री बंद. आमच्या वाडीत शाळेपासून शंभर यार्ड मोजले की वाडी संपते, त्यामुळं दुकान कुठंही काढलं तरी ते शाळेजवळच. जुलै 2012 ला राज्यानं गुटख्यावर बंदी आणली, अन्न सुरक्षा कायद्याखाली, म्हणजे खाण्याच्या पदार्थात तंबाखू नको या मुद्द्यावर, त्याचा आदेश दरवर्षी नव्यानं काढतात. मिश्री त्यात येत नाही, ती साधी तंबाखू आहे, भाजायचं काम घरात होतं. 2016 पासून पाकिटावर 85 टक्के जागेत चित्र पाहिजे. पुडीवर चित्र असतं, मी बघितलंय, पण पुडी कोण आणतं? सासरा नाहीतर पोरं. तंबाखू तव्यावर जाते, पुडीचा कागद चुलीत, आणि बाईच्या हातात येते ती बामची डबी. तिच्यावर कसलं चित्र असणार, डोकेदुखीचं.

मी हे कायदे वाईट आहेत म्हणत नाही. गुटखाबंदीनं पानपट्टीवरच्या माळा तरी आत गेल्या, उघड लटकत नाहीत. पण हे सगळे कायदे दुकान, पाकीट, कंपनी, धूर, सार्वजनिक जागा एवढंच बघतात, कारण ते लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर तंबाखू म्हणजे नाक्यावर उभा असलेला गडी आहे. सासूनं सुनेच्या तळहातावर दिलेली चिमूट कुठल्या कलमात बसवणार? आणि बसवूही नये, नाहीतर उद्या परड्यात पोलीस यायचे. पण मग त्या चिमटीपाशी जायची दुसरी वाट कुणीतरी काढायला पाहिजे होती आणि ती वाट म्हणजे आशाताई, आणि आशाताईलाच आपण विचारायला लावलं, व्यसन आहे का.

शाळेचं एक राहिलं. वाडीची शाळा तंबाखूमुक्त आहे, भिंतीवर पाटी आहे, पोरं शपथ घेतात. त्या घराची नणंद शपथ घ्यायला सगळ्यात पुढं, आणि शाळा सुटली की आईची पुडी दुकानातनं आणायची पण तिनंच. यात तिला काहीच विसंगत वाटत नव्हतं. शपथ तंबाखूची होती, आणायची मिश्रीची.

राखुंडी

वाट निघाली ती दाढेतनं. एका रात्री ठणका इतका वाढला की मिश्रीनंही बधिर होईना, गाल सुजला, आणि सासूनंच आशाताईला फोन लावला. आम्ही सकाळच्या एसटीनं ग्रामीण रुग्णालयात गेलो, सोबत सासू. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की सहावा महिना आहे, या तिमाहीत दात काढायला धोका नाही, तेवढ्या जागेपुरतं इंजेक्शन देऊन काढता येईल, पण सूज आधी उतरू द्या. सासू ठाम नाही म्हणाली. गरवार बाईचा दात काढला तर पोटातल्या पोराला वाईट, असं तिच्या आईनं सांगितलेलं. डॉक्टर तरुण होते, चिडतील असं वाटलं, पण ते म्हणाले, "मावशी, दात काढला नाही तर रोज रात्री सूनबाई तंबाखू दाबून धरणार, ती पोटात जाणार. एक दिवसाचा त्रास बरा का रोजचा?" हा हिशेब सासूला पटला. कॅन्सर पटला नव्हता, जबडा काढलेल्या माणसांची चित्रं पटली नव्हती, पण दोन त्रासातला कुठला कमी हा हिशेब बाया रोजच करतात. पाच दिवसांनी दाढ निघाली.

येताना एसटीत सासू माझ्या शेजारी होती. म्हणाली, "ही पोरगी मिश्री सोडंल वो, पर सकाळी हाताला काय तरी लागतं." मी गप्प बसले, उत्तर नव्हतंच. मग पाटण मागं पडल्यावर त्याच म्हणाल्या, "आमची आय राखुंडी लावायची. शेणीची राख अन् मीठ."

हे मी सुचवलेलं नाही. माझ्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये राखुंडी नाही, आणि दाताच्या डॉक्टरला विचारलं तर राखेनं दात झिजतात, ब्रशच बरा असंच सांगतील, बरोबरच आहे. पण राखेत निकोटीन नाही. आणि ब्रश दिला तर तो दोन मिनिटांत संपतो, दगडावर बसून करायचं काय? बायांना सकाळचा तो अर्धा तास हवा असतो, अख्ख्या दिवसातला तेवढाच कुणाचा नसलेला वेळ, त्यात काय बोलायचं ते बोलून घेतात. मिश्री त्या वेळाचं निमित्त आहे. सासूनं निमित्त बदललं, वेळ तसाच ठेवला.

बाकी मग आम्ही आमचं काम केलं, जे आधीच करायला पाहिजे होतं. लाल गोळी रात्री जेवणानंतर लिंबूपाण्यासोबत, कॅल्शियम सकाळी, चहाला दोन्हीपासून लांब ठेवायचं. पोटासाठी डॉक्टरांनी औषध लिहून दिलं. पाणी जास्त, पालेभाजी, शेतात जाताना डब्यात नाचणीची भाकरी आणि गूळ-शेंगदाणे. सासूला सांगितलं की दुपारी बाराला हिला खायला बसवायची जबाबदारी तुमची, मी येऊन तुम्हालाच विचारणार. हे त्यांना आवडलं. आधी आम्ही सगळं सुनेला सांगत होतो आणि सुनेच्या हातात घरातलं काहीच नव्हतं, गोळी कधी खायची हे सोडलं तर.

पहिले दहा दिवस वाईट गेले. डोकं दुखायचं, चिडचिड, नवऱ्याला फोनवर रडली. नवरा म्हणाला लाव जरा, एवढं काय होतंय. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारची फुकट हेल्पलाइन आहे, 1800-11-2356, मी नंबर दिला होता, पण तिनं लावला नाही, अनोळखी माणसाला फोनवर मिश्रीचं काय सांगू म्हणाली. रोज संध्याकाळी आशाताई जाऊन बसायची. त्याचे काही पैसे मिळत नाहीत, आशाताईला ज्या कामांचा मोबदला मिळतो त्या यादीत रडणाऱ्या बाईशेजारी बसायचं काम नाही. आणि या सगळ्यात आशाताईनं स्वतःची पण कमी केली, पाचावरनं दोनवर. म्हणाली, माझ्या तोंडाला वास येत असताना मी तिला काय सांगू.

सुनेची पूर्ण सुटली नाही हे स्पष्ट लिहिते. सातव्या महिन्यात ओटी भरायला माहेरच्या बाया आल्या, तेव्हा त्यांच्यात बसून लावली. आठव्यात एकदा भांडण झालं तेव्हा लावली. आम्ही दोन्ही वेळा काही बोललो नाही, तिनंच येऊन सांगितलं, आणि मला वाटतं ती सांगतेय हेच आमचं त्या केसमधलं एकमेव यश आहे. शेवटचं हिमोग्लोबिन 10.1. बाळंतपण दवाखान्यात, मुलगा, दोन किलो सातशे. आता यातलं मिश्रीमुळं किती, गोळ्यांची वेळ बदलल्यामुळं किती, बाराच्या भाकरीमुळं किती आणि दुसरं बाळ बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा जरा जाडच असतं त्यामुळं किती, हे एका केसवरनं कुणी सांगू शकत नाही.

रजिस्टर

तालुक्याच्या मीटिंगला मी हा विषय काढला. म्हटलं प्रश्न बदलूया, व्यसन हा शब्द काढूया. साहेब म्हणाले फॉर्मॅट वरून येतो, त्यात आपण हात घालायचा नाही. त्यांचंही खरं, सगळ्या तालुक्यांचं एकत्र व्हायचं असतं. मग आम्ही आमच्या गटात काय केलं, फॉर्म तसाच भरायचा, पण विचारताना विचारायचं, "सकाळी दातांना काय लावता?" आणि उत्तर शेऱ्याच्या कॉलममध्ये पेन्सिलीनं लिहायचं: मि 1, मि 3, मि 5. पहिल्याच महिन्यात शेऱ्याची कॉलम भरून गेली. त्याच बाया, तीच घरं, वर व्यसनाच्या रकान्यात ओळीनं "नाही" आणि शेवटी पेन्सिलीचे "मि". वर जो आकडा जातो तो अजून वरच्याच रकान्यातला जातो.

एका आशाताईनं विचारलं, ताई आमचं पण लिहायचं का? लिहिलं. माझ्या गटातल्या आशांची मिश्रीची यादी माझ्याकडं आहे, ती मी कुणाला दाखवलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्या घरी परत गेले. मुलगा रांगायला लागलेला. चुलीवर तवा होता, सासू तंबाखू भाजत होती, स्वतःपुरती, त्यांची काही सुटणार नाही आणि मी त्या भानगडीत पडत पण नाही. सून पोराला घेऊन बाहेर सोप्याला आलेली. "आत्ती भाजायला लागल्या की मी भायेर," म्हणाली. तिची स्वतःची सकाळी एकदा परत सुरू झालीय, तेही तिनंच सांगितलं. मी वहीत पेन्सिलीनं मि 1 लिहिलं. तेवढ्यात नणंद आतनं आली, गालाला हात लावून, म्हणाली ताई माझी पण दाढ दुखतीया, आई म्हणती जरा दाबून धर.

मी विचारलं, सोमवारच्या एसटीनं येशील का पाटणला? ती आईकडं बघायला लागली.